आवाजाचा नकाशा
(नभोवाणीवरील भाषण)



आपल्या कोंकणांत जमिनीच्या नकाशाचें महत्त्व कोणासही नव्यानें सांगावें लागत नाहीं. पेणच्या पश्चिमेस खारभूमींत एकेका बांधावरून भाऊबंदांचे दावे दोन-दोन पिढ्या चाललेले मीं पाहिले आहेत. रोह्यास कुंडलिकेच्या कांठच्या जमिनीविषयीं तोच प्रकार आहे. शेताची हद्द, विहिरीची वाट, बांधावरचा आंबा, सगळें तलाठ्याच्या दप्तरांत कोठें ना कोठें टिपलेलें असतें. परंतु त्याच जमिनीच्या डोक्यावर जें आकाश आहे, त्याचा नकाशा मागण्याची पाळी आजपर्यंत आपल्यावर आली नव्हती. तेथून पाऊस येई, बगळ्यांची माळ जाई, आणि एखाद्या वेळीं फार उंचावरून विमान गेलें तर आंगणांतलीं मुलें तें दिसेनासें होईपर्यंत माना वर करून पाहत राहत.

आतां तीं विमानें खालीं उतरूं लागलीं आहेत. नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथें प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. नांवांत मुंबई असली तरी विमानतळ आहे तो आपल्या रायगड जिल्ह्यांत, म्हणजे १९८१ पूर्वींच्या कुलाबा जिल्ह्यांत, पनवेल तालुक्यांत. त्यानें ११६० हेक्टर जमीन व्यापिली आहे. पहिल्या टप्प्यांत वर्षाला २ कोटि उतारूंची सोय योजिली आहे. सर्व टप्पे पुरे झाले म्हणजे ती ९ कोटींवर जावी असा संकल्प आहे. त्यामुळें आपल्या मुलांना रोजगार मिळेल, रोह्याच्या कारखान्यांचा माल आणि पेणचे गणपति परदेशीं लवकर पोहोंचतील, हें सर्व मला मान्य आहे. विमानतळ हवा कीं नको या वादांत मी आज शिरत नाहीं. तो वाद आतां शिळा झाला. मला बोलावयाचें आहे तें त्याच्या आवाजाच्या नकाशाविषयीं, आणि तो नकाशा कोणाच्या हातीं असावा याविषयीं.

भूगोलाच्या तासाला समोच्च रेषा शिकवूं लागलों कीं मुलें हटकून विचारीत, “गुरुजी, ही रेषा डोंगरावर कोठें असते?” रेषा डोंगरावर नसते. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीचीं ठिकाणें जोडलीं म्हणजे ती कागदावर उमटते. आवाजाचेंही तसेंच आहे. ज्या ज्या ठिकाणीं विमानांचा आवाज सारखा पडतो तीं ठिकाणें जोडणारी एक रेषा काढावी, तिच्या आंत अधिक आवाजाची दुसरी, तिच्याही आंत तिसरी, असें करीत गेलें म्हणजे धावपट्टीभोंवतीं एक लांबट आकृति तयार होते. ती वाटोळी नसते. धावपट्टीच्या दोन्ही टोंकांकडे ती चाफ्याच्या पानासारखी निमुळती होत दूरवर जाते, आणि बाजूंना तिची रुंदी त्या मानानें थोडी असते. हा नकाशा जागोजाग यंत्र ठेवून काढीत नाहींत. कोणत्या जातीचें विमान, दिवसांतून किती वेळां, कोणत्या मार्गानें, किती उंचीवरून व कोणत्या प्रहरीं जातें हें मांडून गणितानें रेषा काढतात. मग निवडक ठिकाणीं ध्वनिमापक ठेवून तें गणित खरें कीं खोटें हें ताडून पाहतात. रीत सोपी आहे. त्यांत घातलेले आंकडे कोणाचे व केव्हांचे, यावर मात्र सारें अवलंबून असतें.

या विमानतळाच्या धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम आहेत व प्रत्येकीची लांबी ३७०० मीटर योजिलेली आहे. म्हणजे चाफ्याच्या पानाचें एक टोंक पनवेल शहराकडे आणि दुसरें उलव्याकडे, खाडीच्या अंगास वळलेलें असणार. उतरणारें विमान सुमारें ३ अंशांच्या उतारानें येतें. शाळेंतल्या त्रिकोणमितीनें हिशेब करतां येतो: धावपट्टीपासून १० किलोमीटरवर तें जमिनीपासून सुमारें ५२० मीटर उंच असतें, ५ किलोमीटरवर २६० मीटर, आणि २ किलोमीटरवर जेमतेम १०५. शिवाय विमान वाऱ्याला सामोरें होऊन उतरतें. पावसाळ्यांत आपल्याकडचा वारा पश्चिमेचा, नैर्ऋत्येचा. म्हणून त्या महिन्यांत उतरणाऱ्या विमानांचा ओघ पूर्वेकडून, म्हणजे पनवेलच्या बाजूनें राहणार आणि उडणारीं विमानें पश्चिमेकडे जाणार. वारा फिरला कीं हा क्रमही फिरतो. पूर्वेस प्रबळगड आणि माथेरान हे डोंगर उभे आहेत. विमानाचा मार्ग त्या बाजूनें असेल तर ज्याची वाडी डोंगराच्या उतारावर आहे त्याला तें तितकें अधिक जवळ. सपाट जमीन धरून काढलेला नकाशा त्याच्यापुरता निरुपयोगी ठरतो.

आवाज डेसिबलांत मोजतात, आणि हें माप सरळ चालीचें नाहीं. तराजूंत एक किलो आणि एक किलो मिळून दोन किलो होतात. डेसिबलांत ६० आणि ६० मिळून ६३ होतात. १० डेसिबल वाढले तर कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो. म्हणून ५५ च्या जागीं ६५ झाले असें वर्तमानपत्रांत वाचून ‘दहांचाच तर फरक’ असें म्हणणारा मनुष्य फसतो.

याहून मोठी फसगत सरासरीची. समजा, एका शाळेवरून ताशीं १० विमानें जातात, प्रत्येकाचा आवाज अर्धा मिनिट ७५ डेसिबल राहतो, आणि मधल्या वेळांत शांतता असते. म्हणजे तासांतलीं ५ मिनिटें गोंगाट व ५५ मिनिटें शांतता. शास्त्रज्ञ ध्वनीच्या शक्तीवरून जी सरासरी काढतात ती येथें सुमारें ६४ डेसिबल येते. कागदावर ६४ हा आंकडा रहदारीच्या रस्त्यासारखा निरुपद्रवी दिसतो. पण वर्गांत काय होतें? ३५ मिनिटांच्या तासांत मास्तर सहा वेळां थांबतो. अर्ध्या मिनिटाला सहानें गुणून तीनच मिनिटें गेलीं असें हिशेबनीस म्हणेल. ज्यानें चाळीस मुलांना त्रैराशिक शिकविलें आहे तो तसें म्हणणार नाहीं. उदाहरणाची दुसरी पायरी सांगतांना वाक्य तुटलें कीं मुलाला पहिलीपासून पुन्हा चढावें लागतें, आणि तें दुसरीवर पोहोंचतें न पोहोंचतें तोंच पुढचें विमान येतें. कांहीं दिवसांनीं मास्तर थांबणें सोडून देतो व ओरडून शिकवूं लागतो. मुलें ऐकणें सोडून देतात. सिडनीस १९९४ सालीं तिसरी धावपट्टी सुरू झाल्यावर तेथल्या लोकांनीं सरासरीच्या नकाशांवर असाच आक्षेप घेतला होता. पुढें ऑस्ट्रेलियांत, अमुक जागेवर दिवसाकांठीं ७० डेसिबलांहून मोठा आवाज किती वेळां होतो, तो आंकडा दाखविणारे नकाशे निघूं लागले. गणित न येणाऱ्या गृहिणीलाही तो नकाशा कळतो. आपल्याकडे हवा तो असा.

आवाजानें मुलांच्या अभ्यासाचें काय होतें हें आतां अंदाजानें सांगण्याची गरज उरलेली नाहीं. जर्मनींत म्यूनिक शहरीं १९९२ च्या मे महिन्यांत रीम येथील जुना विमानतळ बंद झाला आणि दुसऱ्या बाजूस नवा सुरू झाला. शास्त्रज्ञांना अशी संधि क्वचितच लाभते. त्यांनीं दोन्ही ठिकाणच्या मुलांना आधीं एकदां व नंतरच्या काळांत पुन्हा दोनदां तपासलें. जुन्या विमानतळाजवळचीं मुलें आरंभीं वाचनांत व स्मरणांत मागें होतीं. विमानें गेलीं आणि तीं सुधारलीं. नव्या ठिकाणचीं मुलें आरंभीं इतरांच्या बरोबरीनें होतीं. विमानें आलीं आणि तीं मागें पडलीं. ही हकीकत २००२ सालीं प्रसिद्ध झाली. पुढें २००५ सालीं लंडन, ॲम्स्टरडॅम आणि माद्रिद येथल्या विमानतळांभोंवतींच्या शाळांतील ९-१० वर्षांच्या २८४४ मुलांची पाहणी बाहेर आली. लंडनकडच्या मुलांत ५ डेसिबल आवाज वाढला तर वाचनाचें वय सुमारें दोन महिन्यांनीं मागें जातें असा तिचा निष्कर्ष होता.

दोन महिने म्हणजे कांहींच नाहीं, असें कोणास वाटेल. सुखवस्तु घरांत तसें तें आहेही; शिकवणी लावतां येते, आई जवळ घेऊन वाचून घेते. ज्या मुलाच्या घरीं त्याच्याखेरीज वाचणारें कोणी नाहीं त्याचे ते दोन महिने कायमचे जातात. शिवाय परदेशांतल्या वर्गांना दुहेरी कांचा बसवितां येतात. आपल्या कित्येक शाळांच्या खिडक्यांना एकेरी कांचही नाहीं, आणि असती तरी कोंकणांतल्या उकाड्यांत ती बंद करून चाळीस मुलांना बसवील कोण? जागतिक आरोग्य संघटनेनें वर्गांतला आवाज ३५ डेसिबलांवर जाऊं नये असें १९९९ सालीं सुचविलें होतें.

आपल्या कायद्याचें काय, तें पाहूं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शाळा, इस्पितळें व न्यायालयें यांच्याभोंवतींच्या शांतता-क्षेत्रांत ती ५० आणि ४०. जून २०१८ मध्यें विमानतळांच्या आवाज-क्षेत्रांसाठीं निराळे आंकडे निघाले: वर्षाला ५०,००० हून अधिक उड्डाणें व उतरणीं होत असतील तर दिवसा ७० व रात्रीं ६५, इतर ठिकाणीं ६५ व ६०. म्हणजे तेंच गांव, तींच माणसें, पण मर्यादा १५-२० डेसिबलांनीं वर गेली. विमानें मुकाट्यानें उडूं शकत नाहींत हें मी समजतों. परंतु मग त्या क्षेत्राची रेषा कोणत्या घरावरून जाते, हें त्या घरांतल्या माणसाला तरी ठाऊक असावें कीं नाहीं? युरोपांत २००२ पासून असा दंडक आहे कीं, ५०,००० हून अधिक विमानांची वर्दळ असलेल्या विमानतळाभोंवतींचा आवाजाचा नकाशा दर पांच वर्षांनीं नव्यानें काढावा आणि तो लोकांपुढें ठेवावा. पन्नास हजार हा आंकडा मोठा वाटतो, पण रोजचा हिशेब केला तर तीं जेमतेम १३७ विमानें होतात.

रात्रीचें गणित आणखी निराळें. रात्रींचें एक विमान दिवसाच्या दहांबरोबर धरावें, म्हणून नकाशा काढतांना रात्रींच्या आवाजांत १० डेसिबल मिळविण्याची पाश्चात्य रीत आहे. नवी मुंबईस आरंभीं सकाळीं ८ ते रात्रीं ८ एवढ्याच वेळांत विमानें चालवावीं व पुढें चोवीस तास, असा क्रम ठरविलेला होता. तेव्हां त्या पहिल्या आठवड्यांतली मोजणी पुढें करून ‘पाहा, आवाज मर्यादेंत आहे’ असें कोणी म्हणूं लागल्यास त्याला तारीख विचारावी.

आतां ज्यांच्या जागेवर हें सर्व उभें आहे त्यांच्याकडे वळूं. उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशीं दहा गांवठाणें या कामासाठीं उठलीं. विमान यावयाच्या कितीतरी आधीं त्यांनीं आवाज ऐकला, कारण सुमारें ९० मीटर उंचीची उलवे टेकडी सुरुंग लावून फोडावी लागली. त्या लोकांचें पुनर्वसन झालें तें वडघर, वहाळ, कुंडेवहाळ या बाजूस, म्हणजे विमानतळाच्या शेजारींच. पिढीजात घर देऊन मिळालेल्या नव्या घराचें छप्पर आवाजाच्या कोणत्या रेषेखालीं आहे, हें सर्वांच्या आधीं या लोकांना सांगणें हा निव्वळ शिष्टाचार आहे.

आधीं विचारल्यानें काय साधतें, याचा दाखला या विमानतळांतच सांपडतो. पहिल्या आराखड्यांत दोन धावपट्ट्यांमधलें अंतर सुमारें १८०० मीटर होतें. तसें केलें असतें तर गाढी नदीचें पात्र वळवावें लागलें असतें. २०१० सालीं केंद्राच्या पर्यावरण खात्यानें परवानगी दिली तिच्या आधीं बराच खल झाला, आणि तें अंतर सुमारें १५५० मीटरवर आणण्यांत आलें. उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागलाच; गाढी राहिली. अडीचशे मीटरांचा फरक कागदावर रबरानें झाला. सिमेंट ओतल्यावर तो कोणाला करतां आला असता?

पेण आणि रोहें येथले श्रोते म्हणत असतील, हें पनवेलकरांचें दुःख, आमचा काय संबंध? पेण विमानतळापासून सरळ रेषेनें सुमारें २८ किलोमीटर दक्षिणेस आहे, रोहें ६० च्या आसपास. आपण पानाच्या टोंकाकडे नाहीं, बगलेस आहों. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतांना पेणच्या कारागिराचा हात विमानानें हलेल अशी भीति मला वाटत नाहीं. परंतु आवाजाच्या रेषा जेथें संपतात तेथें विमानतळाचा परिणाम संपत नाहीं. हेटवणें धरण पेण तालुक्यांत आहे, आणि त्याचें पाणी नवी मुंबईस जातें. तें शहर जितकें वाढेल तितकी त्याची तहान वाढेल. २०१३ सालीं विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठीं जी अधिसूचना निघाली तींत पेणकडचींही गांवें आलीं. २०२४ सालीं उरण, पनवेल व पेण या तालुक्यांतील १२४ गांवें मिळून कर्नाळा-साई-चिरनेर हें नवें नगर वसवावयाचें ठरलें. म्हणजे ज्या भागांत आज भात पिकतें तेथें उद्यां इमारती, शाळा आणि इस्पितळें होणार. त्यांच्या जागा अद्यापि कागदावर आहेत. आवाजाचा नकाशा हवा तो याच घटकेस.

असा नकाशा नसला तर काय होतें तें सांताक्रुझकडे पाहून कळतें. १९४८ च्या सुमारास मुलकी विमानांची वाहतूक जुहूहून सांताक्रुझला आली, तेव्हां भोंवतीं शेतें आणि गांवें होतीं. पुढें मुंबई वाढत वाढत विमानतळाच्या भिंतीला जाऊन भिडली. आतां तेथें विमान आधीं कीं घर आधीं, या भांडणाला अर्थ उरलेला नाहीं.

शहरांतल्या श्रोत्यांपैकीं पुष्कळजण हल्लीं पेण-पनवेलकडे घर पाहत असतात, म्हणून त्यांच्याकरितां दोन शब्द बोलतों. ‘विमानतळापासून दहा मिनिटांवर’ ही जाहिरात आपण वाचतां आणि खूष होतां. विमान रस्त्यानें येत नाहीं. त्याला त्या घरावरून जावयास दहा सेकंदही पुरतात. खरेदीखतावर सही करण्यापूर्वीं जसा आपण सात-बारा पाहतां, तसा धावपट्टीच्या रेषेशीं त्या जागेचा कोन पाहावा. रविवारीं दुपारीं घर पाहावयास जाऊं नये. पहांटे जावें.

पेणच्या लोकांना विचारून घेण्याची संवय आहे. विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं जमीन द्यावयाची कीं नाहीं, असें हेटवण्याच्या लाभक्षेत्रांतल्या २२ गांवांच्या शेतकऱ्यांना २१ सप्टेंबर २००८ रोजीं सरकारनें मतपत्रिका देऊन विचारलें होतें. हेक्टरांचा प्रश्न जर गांवोगांव नेतां आला, तर डेसिबलांचा नेण्यास कांहीं अडचण नसावी. नकाशा मराठींत असावा, त्यावर गांवांचीं, पाड्यांचीं व शाळांचीं नांवें असावींत, आणि तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलेला असावा. सरासरीच्या शेजारीं विमानांची संख्या असावी, दिवसाची वेगळी व रात्रींची वेगळी. ज्या शाळा रेषेंत येतील त्यांच्या पडवींत ध्वनिमापक ठेवावेत. वरच्या वर्गांतल्या मुलांना त्यांची नोंद करतां येते, आणि पाऊस मोजण्याइतकेंच तें काम त्यांना आवडेल. मोजणी मात्र एका महिन्याची नको. वारा फिरला कीं विमानांची बाजू फिरते, म्हणून एक आठवडा आषाढांत मोजावें आणि एक माघांत, आणि दोन्ही आंकडे शेजारीं-शेजारीं लिहावेत.